शेवटची तारीख खरंच शेवटची असते का?

प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. विट्याच्या पलीकडचं गाव, घरात बारावीच्या पुढं गेलेला हा पहिलाच. सांगलीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सेमिस्टरला गणित आणि रसायनशास्त्र राहिलं, घरी अजून सांगितलेलं नाही. वर्गातली पोरं सगळी आपल्यापुढची वाटतात, सरांना शंका विचारायला तोंड उघडत नाही, आणि सुट्टीला गेलं तर गावातही करमत नाही. कोइंबतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान असलेले चुलते 'ये इकडं, धंदा शीक' म्हणून मागं लागलेत. शेवटी तो विचारतो, 'सोडू का कॉलेज? तुम्ही पहिल्या पिढीतली माणसं कशी टिकलात?'

माझा थोरला तुझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नको. मी प्राध्यापक नाही. साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात १९९७ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, आज तिथंच कार्यालय अधीक्षक आहे. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, दाखले ही सगळी टेबलं फिरून झाली. त्याच्या आधी तीन वर्षं मी त्याच प्रकारच्या खिडकीच्या बाहेर, रांगेत उभा होतो. माण तालुक्यातलं गाव, वडील मुंबईत मशीद बंदरला माथाडी, आई रोजगार हमीच्या कामावर. १९९१ला बारावी झालो आणि दहिवडीहून पुसेगाव, कोरेगाव करत पत्र्याची पेटी घेऊन साताऱ्याच्या स्टँडवर उतरलो. त्यामुळं तू ज्या जागी उभा आहेस ती जागा मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

तू दोन विषयांबद्दल विचारलंयस, पण मला वाटतं तुझी खरी अडचण ते दोन विषय नाहीत. दोन विषय निम्म्या वर्गाचे राहतात. निकाल लागल्यापासून तू एकाही माणसाशी त्याबद्दल बोललेला नाहीस, ही अडचण आहे. तुझ्या पत्रात सर आहेत, वडील आहेत, चुलते आहेत, वर्गातली पोरं आहेत, पण 'मी अमक्याला विचारलं आणि तो असं म्हणाला' असं एकही वाक्य नाही.

हे मला कळतं, कारण मीही तेच केलं होतं. त्याचीच गोष्ट आधी सांगतो.

आमच्या वेळी वर्षाला एकच परीक्षा असायची, मार्च-एप्रिलमध्ये. तिचा अर्ज कितीतरी आधी भरायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत कसं, दहावी-बारावीचा फॉर्म सर वर्गात आणून द्यायचे, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून. कॉलेजातही कुणीतरी तसं करेल असं मी गृहीत धरलं होतं. दिवाळीनंतर आई आजारी पडली म्हणून गावी गेलो तो जरा जास्तच राहिलो. परत आल्यावर नोटीस बोर्डासमोर उभा राहिलो. टाइप केलेला कागद होता, खाली गोल शिक्का, आणि 'परीक्षा अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख' म्हणून जी तारीख दिली होती ती जाऊन आठ दिवस झाले होते.

मी कुणाला काही विचारलं नाही. खोलीवर गेलो, पेटी भरली, गाव गाठलं. आईला म्हणालो, सुट्टी लागलीय. वीस-बावीस दिवस एका विहिरीच्या खोदकामावर गेलो. मनात पक्कं होतं, आपलं वर्ष गेलं, आपलं शिक्षण इथंच संपलं. मग निदान शाळा सोडल्याचा दाखला तरी आणावा म्हणून साताऱ्याला आलो. कार्यालयाच्या दारात शिपाई होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. 'एल.सी. कशाला रं?' त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते हसलेसुद्धा नाहीत. 'लेट फी भर की. आजून आठ दिस हायत. त्याच्या म्होरं जादा लेट फी आस्ती.'

ती लेट फी माझ्या महिन्याच्या मेसच्या बिलापेक्षा कमी होती.

पुढं अठ्ठावीस वर्षं खिडकीच्या आत बसल्यावर मला त्या वीस दिवसांचा अर्थ लागला. तारीख उलटून गेली की माझ्या टेबलावर दोन प्रकारची पोरं येतात. ज्याच्या घरात कुणी शिकलेलं आहे, तो पोरगा येतो आणि विचारतो, 'साहेब, तारीख वाढणार का?' कधी त्याचा बाप फोन करतो, कधी आत्या कुठंतरी मुख्याध्यापिका असते, तिचा फोन येतो. त्यांना घरातूनच माहीत असतं की तारीख वाढते, वाढली नाही तर विलंब शुल्क असतं, ते नसेल तर प्राचार्यांना अर्ज करायचा असतो, आणि काहीच जमलं नाही तरी पुढची परीक्षा असतेच. दुसरा पोरगा येतच नाही. त्याला शेवटची तारीख खरोखर शेवटची वाटते. तो येतो तो थेट दाखला न्यायला. आणि मला तर वाटतं, दाखला न्यायलाही न येणारे याहून जास्त असतील, ते मला दिसलेच नाहीत.

यात हुशारीचा काही संबंध नाही. संबंध असलाच तर आपल्या वळणाचा आहे. आपल्या घरात काय शिकवतात? कुणाच्या दारात उभं राहू नको, कुणापुढं हात पसरू नको, साहेबाच्या तोंडी लागू नको. ही शिकवण वाईट नाही, तिच्यावरच आपले आईबाप ताठ जगले. पण कॉलेजात ती अंगलट येते. तिथं विचारणं म्हणजे मागणं नव्हे. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचाच आम्हाला पगार मिळतो. (काही जण खेकसतात, खरं आहे. माझ्याच खात्यातली माणसं आहेत, मी त्यांची बाजू घेणार नाही. पण खेकसणाऱ्याकडूनही माहिती मिळते, तेवढी घ्यायची आणि पुढं व्हायचं.)

आता तुझ्या दोन विषयांकडं येतो. इथं बरंचसं तुझ्या कॉलेजवर अवलंबून आहे. ते स्वायत्त असेल तर परीक्षेचे नियम त्यांचे स्वतःचे, नसेल तर शिवाजी विद्यापीठाचे. पुढच्या वर्षात जायला किती विषय राहिलेले चालतात, राहिलेला पेपर पुन्हा कधी देता येतो, हे दोन्हीकडं वेगळं असू शकतं, आणि नव्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमही बदललेत. म्हणून मी आकडा सांगत नाही. परीक्षा विभागात जाऊन हेच दोन प्रश्न विचार आणि उत्तर वहीत लिहून घे. पण सर्वसाधारणपणे पहिल्या सेमिस्टरचे दोन विषय राहिले म्हणून कुणी दुसऱ्या सेमिस्टरला बसू देत नाही असं होत नाही. तू आत्ता दुसऱ्याच्या तासांना बसतोयस ना? मग झालं.

पहिलं काम, मार्कशीट नीट वाच. हे मी हजार पोरांना सांगितलं असेल. नापास झालेला पोरगा मार्कशीटवरचं शेवटचं अक्षर बघतो आणि कागदाची घडी घालतो. वरचे आकडे बघ. प्रत्येक विषयाला लेखीचे गुण वेगळे, अंतर्गतचे वेगळे, प्रात्यक्षिकाचे वेगळे. तू नेमका कुठं पडलास? बऱ्याच पोरांचं असं होतं की लेखी बरी गेलेली असते आणि अंतर्गतला शून्य किंवा 'गैरहजर' असतं, कारण असाइनमेंट द्यायची होती हे कळलंच नव्हतं, किंवा दिली आणि सरांच्या यादीत चढली नाही. यादीत चढली नसेल तर तो अभ्यासाचा प्रश्नच नाही, एका अर्जाचा प्रश्न आहे. आणि लेखीत थोडक्यात गेला असशील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकनाला टाकता येतं. त्याला मात्र निकालानंतर मोजकेच दिवस असतात. तुझी ती मुदत गेली असेल तर गेली, पण पुढच्या निकालाला हे लक्षात ठेव. छायाप्रतीचे पैसे वाया जात नाहीत, गुण वाढोत न वाढोत. आपण कुठं चुकतो हे आपल्याच अक्षरात दिसतं.

लेखीतच दणकून गेला असशील तर मात्र अभ्यासाची पद्धत बदलायला हवी. मी विज्ञानाचा नाही, बी.कॉम. आहे, पण पोरं बघून एवढं कळलंय की बारावीपर्यंत आपण गाइड पाठ करून येतो आणि इथं सर फळ्यावर इंग्रजीत सांगून मोकळे होतात. एका पोराला मी विचारलं होतं, गणित अवघड जातं का रे? तो म्हणाला, 'गणित नाही साहेब, प्रश्न काय विचारलाय तेच कळत नाही.' त्यानं मागच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयातून काढल्या, त्यात परत परत येणारे पंचवीस-तीस इंग्रजी शब्द मराठी अर्थासकट एका कागदावर लिहिले आणि खोलीच्या भिंतीला डकवले. सिद्ध करा, पडताळा, उदाहरण देऊन स्पष्ट करा, एवढंच असतं ते. पुढचं त्याचं त्यानं निभावलं.

सरांना विचारायची भीती वाटते म्हणतोस. वर्गात हात वर करू नको, त्याची गरज नाही. तास संपल्यावर स्टाफरूमच्या दारात जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नको. गणित सोडवायला घे, जिथं अडलंय तिथंपर्यंत लिही आणि ती वही दाखव. 'सर, मला काहीच कळत नाही' असं म्हणणाऱ्याला कुठून सांगायला सुरुवात करावी हे सरांनाही समजत नाही. 'इथपर्यंत आलं, पुढची पायरी कशी आली?' असं विचारलंस तर दोन मिनिटांचं काम असतं आणि सरांना तुझा चेहरा लक्षात राहतो. हा चेहरा लक्षात राहण्याचा भाग आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण प्रकल्प देताना, शिफारसपत्र लिहिताना, 'अरे, त्या लॅबमध्ये एक पोरगा हवाय' असा निरोप येतो तेव्हा सर ज्याचा चेहरा आठवतो त्यालाच हाक मारतात.

भाषेचं म्हणशील तर मीही पहिल्या महिन्यात 'व्हय सर' म्हणालो आणि मागच्या बाकावरून हसू आलं. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. आता वाटतं, केवढा मूर्खपणा. हसणारे दोघं-तिघं होते, गप्प बसून नुकसान माझं झालं. लिहिताना प्रमाण भाषा यायलाच हवी, अर्ज आणि उत्तरपत्रिका त्या भाषेत असतात. बोलताना माणदेशी बोललास म्हणून तुझं कुणी काही कमी करत नाही. मी आजही खिडकीवर 'काय पायजे?' असंच विचारतो, आणि खटाव-माणची पोरं मग जरा सैल होतात.

आपल्या भागात पहिल्या पिढीचं शिकणं ही काही नवलाई नाही, हेही जरा आठव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. तिथली पोरं बहुतेक सगळी घरातली पहिलीच शिकणारी. कर्मवीरांची आठवण काढताना लोक बोर्डिंगमधल्या भाकरीबद्दल बोलतात, कमवा आणि शिकाबद्दल बोलतात. मला कार्यालयात बसून त्या बोर्डिंगची वेगळीच गोष्ट मोठी वाटते. एका छपराखाली आधीच्या वर्षाची पोरं असायची. फॉर्म कधी, फी कुठं, कोणत्या सरांचं पुस्तक कुणाकडं, हे मोठ्याकडून धाकट्याला जेवता जेवता कळायचं. शिकलेल्या घरातल्या पोराला जे काका-मामांकडून मिळतं ते बोर्डिंगमधल्या पोरांना ताटावर मिळत होतं. तू खोली घेऊन राहतोस की वसतिगृहात, हे पत्रात नाही. खोलीवर एकटा असशील तर वसतिगृह मिळतं का बघ. निदान तुझ्याच शाखेचा, तिसऱ्या वर्षाचा, तुझ्यासारख्याच घरातला एक पोरगा शोध आणि त्याच्याबरोबर आठवड्यातून एकदा जेवायला बस. वर्गातला पहिला नंबर नको. ज्याचे विषय राहिले होते आणि निघाले, असा शोध. त्याला रस्ता माहीत असतो.

पैशाचं तू मोघम लिहिलंयस, म्हणून थोडं सांगून ठेवतो. महाडीबीटीवरचा, म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा, शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरावा लागतो, एकदा भरला की झालं असं नसतं. उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्यातच, गर्दी व्हायच्या आत काढ. बँक खात्याला आधार जोडलंय का ते बँकेत जाऊन विचार. पोरं मोबाइलवर बघतात आणि 'जोडलंय' म्हणतात, पण पैसे जमा व्हायला जे जोडणं लागतं ते वेगळं असतं, आणि हप्ता अडकतो तो बहुतेक वेळा तिथंच. कॉलेजात कमवा आणि शिका योजना चालते का विचार. ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत दिवसाचे दोन-तीन तास काम मिळालं तर मेसला हातभार लागतो, शिवाय कर्मचाऱ्यांशी ओळख होते, आणि सूचना बोर्डावर लागायच्या आधी तुझ्या कानावर येतात.

आणखी एक, याच आठवड्यात कर. दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, आधार आणि कॉलेजचं ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळव. आईचं नावसुद्धा. आपल्याकडं शाळेत नाव घालायला आजोबा जातात, गुरुजी ऐकू येईल तसं लिहितात, आणि ते पदवीपर्यंत तसंच येतं. रजिस्टरमधली नोंद ही साधी गोष्ट नसते. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये १९०० सालचं रजिस्टर जपून ठेवलंय, त्यात १९१४ या क्रमांकाला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. तारीख ७ नोव्हेंबर. त्या दिवसाला २०१७पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणतात. रजिस्टरवाल्या माणसाला त्या पानाचं फार अप्रूप, म्हणून मध्येच सांगितलं. तुझं काम एवढंच, चूक असेल तर आत्ता दुरुस्त करून घे, तिसऱ्या वर्षाला धावपळ होते.

आता चुलत्यांचं. इथं मी छातीठोक काही सांगणार नाही. गलाईचा धंदा मी करत नाही, पण खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली आणि त्यांनी गावाकडं घरं बांधली, हे मी डोळ्यांनी बघतोय. तो चांगला धंदा आहे, त्यात अक्कल लागते आणि त्यात कमीपणा काही नाही. तुझ्या घरावर कर्ज किती, धाकटी भावंडं किती, वडिलांची तब्येत कशी, हे मला माहीत नाही. घर खरंच तुझ्या कमाईवर थांबलेलं असेल तर जा, आणि जाताना मान खाली घालू नको. कॉलेज सोडून गेलेली पोरं मी बघितलीत, त्यातली काही आज माझ्यापेक्षा सुखात आहेत. उलट पदवी घेऊन, मग आणखी एक पदवी घेऊन, मग स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत सहा-सात वर्षं घालवून केस पिकलेलीही बघितलीत. नुसत्या बी.एस्सी.वर नोकरी दारात येत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

फक्त एक बघ. तू धंद्याकडं चाललायस की दोन विषयांपासून पळतोयस? मी विहिरीवर गेलो होतो ते मला खोदकाम आवडत होतं म्हणून नव्हे. चुलत्यांचं बोलावणं निकालाच्या आधीपासून होतं का? तेव्हा तुला जावंसं वाटत होतं का? वाटत असेल तर तो वेगळा विचार आहे. निकालानंतरच वाटायला लागलं असेल तर आधी विषय सोडव, मग जा. दुकान कुठं पळून जात नाही.

आणि जायचंच ठरलं तर दाखला काढून तडकाफडकी जाऊ नको. वर्ष पूर्ण कर. नव्या धोरणात पहिल्या वर्षाचे सगळे क्रेडिट (विषय पास झालं की मिळतात ते श्रेयांक) मिळवले आणि वर नेमून दिलेला चार क्रेडिटचा व्यवसाय कोर्स केला तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी. मिळवलेले क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत राहतात, परत येऊन पुढं चालू करता येतं. पण विषय राहिलेले असताना सोडलंस तर ना प्रमाणपत्र ना काही. दुकानात बसून शिकायचं असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे. मुक्त विद्यापीठाला ज्या यशवंतरावांचं नाव आहे ते तुझ्याच बाजूच्या देवराष्ट्र्याचे. १९३८ साली ते बी.ए. झाले तेव्हा कोल्हापूरचं कॉलेजसुद्धा मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. आपल्या तीन जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला विद्यापीठ आलं ते १९६२मध्ये. म्हणजे तुझ्या आजोबांच्या तरुणपणी जे जवळ नव्हतं ते तुला तासाभरावर आहे. हे तुला ओझं वाटावं म्हणून सांगत नाही, सोय आहे ती वापर म्हणून सांगतो.

घरी सांगायचं कसं, हा तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग. आपल्याला वाटतं, वडिलांना सेमिस्टर म्हणजे काय तेच माहीत नाही, त्यांना काय सांगायचं. मीही वडिलांना ती विहिरीची गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली नव्हती. नोकरी लागल्यावर एकदा सांगितली. ते माथाडी टोळीत चाळीस वर्षं राबलेले. ऐकून म्हणाले, 'आरं, गाडी लागायची वेळ चुकली म्हणून टोळी घरी जाती व्हय? मुकादमाला इचारायचं, दुसरी गाडी कवा हाय.' मी गप्प झालो. लेट फी म्हणजे काय हे त्या माणसाला माझ्यापेक्षा आधी कळलं असतं. आपल्या आईबापांना कॉलेज माहीत नसतं, पण त्यांना बाजार माहीत असतो, सोसायटीचं कर्ज माहीत असतं, हप्ता थकला की काय करायचं ते माहीत असतं. तुझ्या वडिलांना त्यांच्या भाषेत सांग. दोन विषयांचा हप्ता थकलाय, दंड एवढा, पुढची तारीख अमुक, भरतो. नुसतं 'नापास झालो' म्हणालास तर त्यांच्या डोळ्यापुढं शाळेतला नापास येतो, वर्ष गेलं असं त्यांना वाटतं. आणि फोनवर सांगू नको. शनिवारी तासगाव-विटा एस.टी. धर, मार्कशीट घेऊन जा, रात्री जेवणं झाल्यावर सांग. ओरडतील. ओरडू देत.

गावात करमत नाही म्हणतोस, त्यावर माझ्याकडं पुरतं औषध नाही. ते थोडं राहतं. मला आज बावन्नाव्या वर्षीही गावच्या पारावर बसलं की पोरं 'साहेब आले' म्हणून जरा सरकून बसतात, आणि साताऱ्यात सोसायटीच्या मीटिंगला मी माणचा असतो. पण पहिल्या दोन वर्षांत जसं टोचत होतं तसं नंतर टोचत नाही. माझं कशानं सुटलं सांगू? दुसऱ्या वर्षाला दिवाळीत गावी गेलो तेव्हा शेजारच्या आजीनं बँकेचा कागद वाचायला आणला. मग कुणी विम्याचा, कुणी निराधारच्या पगाराचा फॉर्म. ओसरीवर रांग लागायला लागली. कॉलेजात मी जो कागद बघून पळालो होतो तसलेच कागद मी तिथं भरून देत होतो. पुढं ह्याच कामात नोकरी लागली. तुझं असंच होईल असं नाही, पण सुट्टीला गेलास की खोलीत मोबाइल घेऊन पडू नको, कुणाचं काय अडलंय ते बघ.

माझ्या पदवीचं सांगायचं राहिलं. १९९४ला बी.कॉम. झालो. पदवीदान समारंभाला गेलो नाही, कोल्हापूरला जायचं-यायचं भाडं आणि त्या दिवसाची मजुरी असा हिशेब केला. पदवी पोस्टानं घरी आली. वडील रजेवर आले होते, त्यांनी ती दहिवडीच्या बाजारात नेऊन लॅमिनेट करून आणली, पावसात भिजू नये म्हणून. सातबाऱ्याबरोबर पेटीत ठेवली. पुढं नोकरीच्या वेळी कागद तपासणाऱ्या साहेबांनी त्या प्लास्टिककडं बघून कपाळाला आठ्या घातल्या, मागं शेरा कुठं मारायचा म्हणून. तू लॅमिनेट करू नको. वडिलांना आधीच सांगून ठेव.

विद्यापीठ मी पहिल्यांदा पाहिलं ते नोकरी लागल्यावर, पोरांचे पात्रतेचे फॉर्म जमा करायला गेलो तेव्हा. काम आटोपल्यावर महाराजांच्या पुतळ्यासमोर भाकरी सोडून बसलो. ज्या शिक्क्याला मी एवढा भ्यायलो होतो तो इथं कुठल्यातरी टेबलावर, माझ्यासारखाच कुणीतरी बसून मारत असणार, हे तेव्हा डोक्यात आलं.

तर आता सोमवारी काय करायचं ते ऐक. अकराच्या आत परीक्षा विभागात जा, दुपारी गर्दी असते. मार्कशीटची झेरॉक्स बरोबर ठेव. विचार, 'हे दोन विषय पुन्हा कधी देता येतील, अर्ज कधी सुटतो, अंतर्गत गुण परत मिळवता येतात का?' तिथून निघालास की रसायनशास्त्राच्या सरांना भेट, कारण प्रात्यक्षिकाचं त्यांच्याच हातात असतं. गणिताच्या सरांकडं मंगळवारी, वही घेऊन. शनिवारी घर. चुलत्यांना सध्या एवढंच कळव की परीक्षा झाल्यावर बोलतो.

आणि मार्कशीटचा फोटो मला पाठव, नाव आणि पीआरएन नंबर (तुझा कायमचा नोंदणी क्रमांक) झाकून. लेखीत गेलाय की अंतर्गतला, ते बघून मग पुढचं सांगतो.